जत्रेतली रिकामी जागा

वणव्याचा निरोप आला तेव्हा मी मोंटानाच्या सरळसोट रस्त्यावर गाडी हाकत होते आणि शेजारी आर्डिस पेंगत होती. फोन वाजला तसा तिनेच उचलला. ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि ठेवून दिला.

"डोरीन, आजचं आपलं मुक्कामाचं कॅम्पग्राउंड बंद झालं. मागचं जंगल पेटलंय. पैसे परत देतायत."

"पैसे घेऊन काय करू? झोपायचं कुठे?"

"मी तरी वेगळं काय विचारतेय?"

आर्डिस माझी थोरली बहीण. तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी असते आणि ते यंत्र विजेवर चालतं. गाडी सुरू असेपर्यंत काळजी नसते, रात्री मात्र विजेचा खांब असलेली जागा लागतेच. आमच्या आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या या मोठ्या गाडीत, जनरेटर होता, पण माझा नवरा वेंडेल गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. आदल्या दिवशी सुरू करायला गेले तर नुसता खोकला आणि गप्प झाला. विमानात बसायला आर्डिस घाबरते, आणि आयडाहोला तिच्या लेकीच्या घरी नवं नातवंड बघायला तर जायचंच होतं. म्हणून मी ही आरव्ही बाहेर काढली. वेंडेल भर थंडीतच उन्हाळ्यातल्या सगळ्या जागा नोंदवून ठेवायचा. 'जागा आहे का हो?' असं दारोदार विचारत फिरायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

पहिल्यांदा धरणाजवळच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर गेलो. फाटकालाच 'जागा नाही' अशी पाटी. तिथली रेंजर मुलगी गोड होती. "मॅडम, वणव्यामुळे तिकडची सगळी मंडळी इकडे आलीत. सकाळीच भरलं."

"कोणी आलंच नाही तर त्यांची जागा?"

"ती उद्यापर्यंत राखून ठेवावी लागते. मला देता येत नाही हो."

समोर तीन-चार रिकाम्या जागा दिसत होत्या. प्रत्येक खांबावर कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी. मी गाडी वळवली.

हमरस्त्यालगतच्या खाजगी तळावर मालकाने एक कोपरा दाखवला, पण तिथे वीज नव्हती. मग आर्डिसने फोनवर फोन लावले. एका ठिकाणी माणूस चक्क हसला. "ऑगस्टचा, सुट्ट्यांतला शनिवार आहे, बाई!"

"तो काय माझा गुन्हा आहे?" असं म्हणून आर्डिसने फोन आपटला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सरळ मला एखाद्या दवाखान्यात भरती कर. तिथे प्लग असतात."

"गप्प बस!" मी ओरडले. "तुला सगळ्याची चेष्टाच सुचते. तुला काही झालं तर तुझ्या लेकीला मी काय तोंड दाखवू?"

रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. आर्डिस शेजारी खारे दाणे खात बसली. मग पिशवी माझ्यापुढे धरून म्हणाली, "झालं का रडून? पुढे पेट्रोल पंप दिसतोय. तिथे थांब, मला बाथरूमला जायचंय."

पंपावर ती गेली ती गेलीच. मी घाबरून आत जाणार तोच गल्ल्यावरच्या बाईला टाटा करत बाहेर आली.

"चल, जत्रेच्या मैदानावर. या जिल्ह्याची जत्रा भरते तिथे. गुरंवाल्यांच्या गाड्यांसाठी विजेचे खांब असतात, असं ती म्हणतेय."

"आणि सध्या जत्रा असली तर?"

"आहेच. कालपासून सुरू झाली."

"मग भरलेलंच असणार ना, आर्डिस!"

"भरलेलं सगळीकडेच आहे. तिथे निदान लिंबू सरबत मिळेल."

मैदानाच्या मागच्या फाटकावर मोठी हॅट घातलेला एक माणूस उभा होता. त्याने हात आडवा केला. "प्रदर्शनाचं जनावर असेल तरच आत सोडतो."

आर्डिसने खिडकीतून मान बाहेर काढली. "आहे की. एक म्हातारी मेंढी आणलीय. ही बघा, बोलतेसुद्धा."

त्याला हसू आवरेना. तेवढ्यात चारा घेऊन चाललेली एक धिप्पाड बाई थांबली. गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट. तिने आर्डिसच्या नाकातली नळी पाहिली आणि एकच विचारलं, "वीज हवीय?"

"हो," मी म्हणाले.

"शेळ्यांच्या शेडजवळ माझ्या दिराची जागा रिकामी आहे. त्याचं गवत कापायचं राहिलंय, तो काही येत नाही आता."

"रोझेला, ती जागा घरच्यांनाच देता येते," हॅटवाला म्हणाला.

"ही माझ्या दिराची मावशी आहे, लेस्टर."

"त्याला मावशी कधीपासून?"

"आत्तापासून. फाटक उघड."

आता खरी पंचाईत झाली. घोड्यांची मोठी गाडी एका बाजूला, शेड दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या बोळात आरव्ही रिव्हर्समध्ये घालायची. ते काम नेहमी वेंडेल करायचा. बघताबघता माणसं गोळा झाली. एक म्हणतो डावीकडे घे, दुसरा म्हणतो उजवीकडे. माझे हात घामाने निसटत होते. रोझेलाने सगळ्यांना हाकललं आणि आरशात दिसेल अशी मागे उभी राहिली. "दुसऱ्या कोणाकडे बघू नकोस. मी हात वर केला की थांब. घाई कोणाला आहे?"

मी थांबले, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. शेळ्या बें बें करत होत्या. शेवटी तिने दोन्ही हात वर केले आणि कोणीतरी शिट्टी मारली.

केबल खांबाला जोडली. आत यंत्र घरघरू लागलं तशी मी पायरीवर बसले. ऊन अजून शेडच्या पत्र्यावर होतं. छातीवरचा दगड कोणी उचलून नेल्यासारखं वाटत होतं, आणि उगाचच हसू येत होतं. रोझेला कागदी बशीत चेरी भरलेली गोड पाई घेऊन आली, तर मी तिला मिठीच मारली. पाई सांडता सांडता वाचली.

"परवा शेळ्यांच्या स्पर्धेचा निकाल आहे म्हणे," आर्डिस दारातून म्हणाली. तिचं तोंड चेरीने लाल झालं होतं. "तोवर राहू या."

"उद्याची जागा नोंदवलेली आहे आपली!"

"सोडून दे. आपल्यासारखंच कोणीतरी वणवण फिरत असेल."

मी फोन करून जागा सोडली. मग तिच्या लेकीला लावला. "उशीर होईल," मी म्हणाले. "का, गाडी बिघडली की काय?" तिचा आवाज घाबरा झाला.

"नाही गं. तुझ्या आईला शेळ्या आवडल्यात."