शिंपला नव्हे

बाईंनी तिसऱ्यांदा खाडीच्या पाण्याचा थेंब बदलला, सूक्ष्मदर्शकाला पुन्हा डोळा लावला आणि म्हणाल्या, "साहेब, ही शिंपल्यांची पिल्लं नाहीत."

साहेब प्रयोगशाळेच्या दारातच उभे होते. पिल्लं दोरांवर बसून वाढावीत म्हणून खाडीत शिंपले वाढवणाऱ्यांनी खांब रोवून दोर सोडावेत, असं पत्रक छापून तयार होतं.

बाईंनी समजावून सांगितलं. शिंपल्याचं पिल्लू लांबट, एका टोकाला निमुळतं. दोन कवचं जोडणारी रेघ लांब, सरळ. ही तर गोल गरगरीत, कडेला काळा पट्टा. हा लाकूड पोखरणारा किडा. कूळ शिंपल्याचंच, म्हणून लहानपणी फसवतो. आत्ता खांब रोवले तर आतून भुगा होईल. एकवीस वर्षं बाई हेच बघत आल्या होत्या, तेही हंगामी म्हणून.

साहेबांनी ऐकून घेतलं. पत्रकाची तारीख वरून ठरून आल्याचं सांगितलं आणि जाता जाता, अगदी सहज, बाईंना कायम करण्याची फाईल आपल्याच टेबलावर असल्याचंही सांगितलं. बाईंनी नोंदवहीत खरं ते लिहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं. पत्रक गेलं. खाली 'तपासणी' या शब्दापुढे बाईंचंच नाव होतं.

खाडीवर शिंपले वाढवणारे बाकीचे लोक जरा थांबू म्हणत होते. बाईंच्या धाकट्या भावाने ते नाव वाचलं आणि चाळीस खांब रोवले. आमच्या ताईने बघितलंय, एवढंच तो सगळ्यांना सांगत राहिला.

पाच महिन्यांनी एका उधाणात खांब आडवे झाले. बाहेरून धडधाकट, आतून चाळणी.

रविवारी बाई नोंदवही पिशवीत घालून त्याच्याकडे गेल्या. पान उघडून दाखवलं : तारीख, चित्र आणि खाली ठळक, 'शिंपला नव्हे'. भावाने सावकाश वाचलं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"साहेबांना सांगितलं होतं रे मी."

"मला नाही सांगितलंस."

आपली बाजू मांडायला आणलेल्या वहीनेच घात केला होता. बाईंनी ती मिटली.

"कायम झालीस ना?" त्याने विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. "बरं झालं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तेच त्यांना जास्त लागलं.

थांब्यापर्यंत तो त्यांची पिशवी धरून चालत आला. बस आली. त्याने पिशवी आत ठेवली आणि कंडक्टरला म्हणाला, "या बाईंना शेवटच्या थांब्यावर उतरवा."