राखणीला चालतं, एकांकिकेला नाही

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: कळंबचं शेत, पिकलेलं भात आणि रानडुकरं हाकायला उंच माळ्यावर रात्रभर जागणाऱ्या दोन बहिणी. मोठी समिधा रोज लोकलने मुंबईच्या कॉलेजात जाऊन येते, धाकटी शकू पाचवीत आहे.

त्या शनिवारी समिधाला मैत्रिणींबरोबर मुंबईत रात्रभर चालणाऱ्या एकांकिका बघायच्या होत्या.

“रात्रीचं पोरींनी भायेर ऱ्हायाचं नाय,” बाबा म्हणाले.

“मग माळ्यावर आमी दिवसा बसतो का?” शकूने विचारलं.

“ते आपलं शेत हाय गं.”

“डुकराला काय ठाऊक, कोनाचं शेत?”

समिधाला हसू आलं. बाबा मात्र म्हणाले, “नाय म्हंजे नाय.”

तेव्हा शकूने डुकरं हाकायचा पत्र्याचा डबा आणि काठी आणून बाबांच्या मांडीवर ठेवली. “मग आज राखणीला तुमी जा,” असं म्हणून तिने अंथरूण पसरलं आणि ती आडवी झाली.