दहाचा पाना

"फिक्स पाना ठेव खाली. डोकं खातो तो," खुर्चीतून मिस्त्री म्हणाले.

"बोल्टचं ना?" मुलाने विचारलं.

"आधी बोल्टचं, मग तुझं. रिंग पाना घे."

दाराबाहेरच्या फरशीवर मोटारसायकल उभी होती. तिच्यापुढे जुनी चादर पसरून मुलाने सगळं मांडलं होतं: लेगगार्ड, मोबाइलचा होल्डर आणि कालच घरपोच आलेली हत्यारांची पेटी. पेटीत प्रत्येक हत्याराला त्याच्या मापाचा खळगा. मिस्त्रींची हत्यारं त्यांच्या पायाशी, तेलकट कापडात गुंडाळलेली. चाळीस वर्षं चालवलेलं गॅरेज त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केलं, तेव्हा ही गुंडाळी तेवढी ठेवून घेतली. विचारणाऱ्याला सांगितलं, पाठ धरते.

पाठ ठणठणीत होती. गेली होती ती बोटं. साखरेच्या आजाराने आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. घरात हे कुणाला ठाऊक नाही, असं मिस्त्री धरून चालले होते.

लेगगार्ड बसला. कुठला बोल्ट आधी नुसता अडकवून ठेवायचा, कुठला शेवटी आवळायचा, हे मिस्त्री बसल्या जागेवरून सांगत होते आणि मुलगा मुकाट्याने ऐकत होता. पण शेवटचा पीळ द्यायची वेळ आली की तो पेटीतला लांब दांड्याचा टॉर्क पाना उचलायचा. त्यावर आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की पाना 'कट्' वाजतो.

"आवळायचं कधी थांबायचं, ते पान्याने सांगायचं?"

"मला सांगावं लागतं, बाबा."

"बोल्ट बसला की हाताला सांगतो. ऐकता यायला हवं."

"तेच तर. मला नाही ऐकू येत. तुमचं वेगळं."

सून चहा घेऊन आली. स्टीलचे पेले तिने फडक्यात धरले होते. "बाबा, थांबा हं, भाजेल," ती म्हणेपर्यंत मिस्त्रींनी पेला मुठीत घेऊन घोट घेतलाही होता. ती क्षणभर त्यांच्या मुठीकडे पाहत राहिली. मग आत गेली.

आता होल्डर उरला. हँडलवर पुढच्या ब्रेकचा क्लॅम्प दोन बोल्टांनी धरलेला असतो, त्यांच्याखाली तो बसायचा होता. मुलाने एक बोल्ट आवळला. कट्.

"दुसरा मी लावतो," मिस्त्री उठले.

"बाबा, आत ॲल्युमिनियम आहे. फार सोसत नाही."

"तू रांगत होतास तेव्हापासून ॲल्युमिनियम आवळतोय मी."

मुलाने टॉर्क पाना पुढे केला. मिस्त्रींनी तो पाहिलाच नाही. त्यांनी आपली गुंडाळी सोडली. पान्यांवरचे आकडे कधीच झिजून गेले होते, पण त्यांचं त्यावाचून अडलं नव्हतं. आठ, दहा, बारा, नुसती बोटं फिरवली की कळायचं. आज बोटं फिरवली तर सगळे पाने एकच. शेवटी एकेक पाना डोळ्यांशी नेऊन त्यांनी दहाचा निवडला. तोवर मुलगा उगाचच लेगगार्ड पुसत बसला होता.

पाना बोल्टवर बसला. एक वेढा. अर्धा. इथे हाताला काहीतरी कळायला हवं होतं: आधी टेकल्याची खूण, मग ताण, मग तो घट्ट, गप्प क्षण. काहीच येईना. मुलगा आता बघत होता. थांबावं तर कशावरून थांबावं? मिस्त्रींनी आणखी थोडा ओढला.

पाना लोण्यात सुरी जावी तसा वळला. ते बोटांना नाही, कोपराला कळलं. त्यांनी बोल्ट काढला. त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा केसाएवढा चकचकीत पीळ अडकून आला होता. आतले आटे गेले. ब्रेकचा तो भागच नवा आणावा लागणार होता आणि तोवर गाडी जागची हलणार नव्हती.

"बोल्टच हलका होता, बाबा," मुलगा म्हणाला. "हल्ली माल येतोच असला. त्याला तुम्ही काय करणार?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. बोल्टचे आटे तर शाबूत होते. आणि हे वाक्य त्यांचं होतं, शब्दाला शब्द. हातून काही बिघडलं की चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाला हेच ऐकवलं होतं, आणि शाळा सुटल्यावर गॅरेजातल्या टायरवर बसून हा ते ऐकायचा. गिऱ्हाईक मान डोलवायचं. जाणत्या माणसासमोर मात्र त्यांनी ते कधी उच्चारलं नव्हतं. ते वाक्य ज्याला यातलं काही कळत नाही, त्याच्यासाठीच होतं.

सून दारात आली. "काय हो, झालं का?"

मुलगा टॉर्क पाना पेटीत ठेवू लागला.

"कुठलं होतंय," मिस्त्री म्हणाले. आवाज गॅरेजातलाच, खणखणीत. "बोल्टच हलका निघाला."

"मिळतातच तसले," ती चटकन म्हणाली आणि आत वळली.

मिस्त्रींनी दहाचा पाना पुसून गुंडाळीत ठेवला. सून परत आली, तेव्हा पेल्यांचं ते फडकं तिने पाण्यात भिजवून आणलं होतं. तिने सासऱ्यांचा हात धरून उलटा केला. तळवा लालबुंद झाला होता. तिने फडकं त्यावर ठेवलं. तिने ते ठेवलं, हे मिस्त्रींना दिसलं, म्हणून कळलं.