चार तास दमाची सुरमई

एकेचाळीस सालचा हिवाळा. पुढं जळकोटच्या जहागीरदारांची मोटार, मागं मुनवरची लॉरी. लॉरीत राहुट्या, डेगी, ज्वारीचं पोतं. पोत्यावर बावर्ची गफार.

नाका. निजामाची हद्द संपली, जहागीरदारांचा रुबाब नाही.
कोल्हापूर. तांबडा रस्सा. जहागीरदारांनी नाक मुरडलं, मग दोनदा मागितला.
घाट. गफारनं डोळे मिटून घेतले.

आणि मालवणच्या अलीकडं एकदम समुद्र. काळे कातळ, त्यांवर लाटा धोब्यासारख्या आपटतायत. राहुट्या तिथंच ठोकल्या.

मोटारीतून सोबत आलेल्या हैदराबादच्या दोन पाहुण्यांसमोर जहागीरदारांनी फर्मावलं, "दुपारी मासा. दमाचा."

गफारच्या घरात तीन पिढ्या बंद झाकणाखाली, मंद आचेवर मटणाला दम देत आलेल्या. समुद्राचा मासा, ही सुरमई, त्यानं आज पहिल्यांदा हातात धरला. म्हणून ती विकणाऱ्या कोळणीला विचारलं. ती हसली. "दोन कढ इले की उतर. मासो आसा तो, बकरो न्हय."

त्यानं तसंच सांगितलं. जहागीरदार कडाडले, "कोळीण आम्हाला शिकवणार? बकऱ्याला चार तास, ह्यालाही चार तास. लाव कणीक डेगीच्या झाकणाला!"

"जी हुजूर."

चार तास.

झाकण निघालं. आत लगदा, लगद्यात काटे. एक पाहुणा म्हणाला, "खीर आहे का ही?"

जहागीरदार हसले. "गावंढळ आहे हो. ह्याच्या बापालाच कुठं काय येत होतं, तर ह्याला शिकवणार!"

बाप.

ज्यानं ह्याच जहागीरदारांच्या लग्नात तीन दिवस चुलीपुढून पाठ हलवली नव्हती, तो.

"हुजूर, चार तास कुणी सांगितले?" गफारचा आवाज त्यालाच परका वाटला. "मला बोला, रोजच बोलता. माझ्या बापाचं नाव ह्या लगद्यात कालवू नका."

"चालता हो! पायी जा जळकोटला!"

गफार गेला नाही. बाजूला ठेवलेलं सुरमईचं डोकं-शेपूट त्यानं तीन दगडांवर चढवलं. कोळणीनं दिलेली आमसुलं, मिरची, मीठ. दोन कढ. मुनवरला वाढलं, स्वतः समोर बसून जेवला. मालकाच्या आधी, हयातीत पहिल्यांदा. वासानं एक पाहुणा ताट घेऊन वाळूत येऊन बसला. चाखलं, बोटं चाटली, राहुटीकडं वळून ओरडला, "अहो, ह्याला हाकलता कुठं?"

जहागीरदार बाहेर आले. भूक चेहऱ्यावर दिसत होती. "बरं, झालं ते झालं. बस लॉरीत. वाढ आम्हाला."

"वाढतो हुजूर. आधी बापाबद्दल बोललात ते माघारी घ्या. ह्यांच्यासमोर."

जहागीरदारांनी पाहुण्यांकडं पाहिलं, समुद्राकडं पाहिलं, आणि पानाचा डबा उघडला.

गफारनं आपली पळी कमरेला खोचली आणि जळकोटच्या वाटेला लागला.

"गफारभाई," मुनवर मागं धावला, "येडा झाला का? अडीचशे मैल हाय!"

"असू दे. लई न्हाय."