मडक्यावरची नजर

"पहिल्या उकळीला जाळ मोठा, मग मंद. आणि काढा होईस्तोवर मडक्यावरून नजर हलवायची नाही, पोरी. नजर हलली की गुण गेला."

डोंगरावरच्या ताओ मठातल्या म्हाताऱ्या जोगिणीने हे सांगितलं, तेव्हा रुइफांग एकोणीस वर्षांची होती. पुढे छत्तीस वर्षं तिने औषधांच्या दुकानात गावाचे काढे उकळले, एकदाही नजर हलवली नाही. आज ती स्वतःच्याच शेगडीपाशी बसली होती. नवऱ्यासाठी, देशानसाठी.

थोंग वैद्य सकाळीच येऊन गेले होते. देशानच्या मनगटावर तीन बोटं ठेवून ते बराच वेळ डोळे मिटून बसले. नाडी कशी आहे ते रुइफांगने विचारलं नाही. रात्री तिनेच हात धरून पाहिला होता. गळक्या छपरातून थेंब पडावा तशी, थांबून थांबून.

वैद्यांनी एकच पुडी ठेवली.

"आणि उद्याची?"

"उद्याचं उद्या बघू, वहिनी." जोडे घालताना त्यांनी मान वर केली नाही.

समोरच्या घरातून कुओबाईचा आवाज आला. "अंडी कसली उकडतेस गं? आता कोणाच्या घरी नेऊन घालायचीत? एक घर बुडवलंस ते पुरे नाही झालं?"

सुनेचा, शाओहेचा, आवाज आला नाही. वर्षभर तो कोणी ऐकलाच नव्हता.

काढ्याचं मडकं उसनं नेतात, पण परत करत नाहीत. मालकाला गरज पडली की त्याने येऊन न्यावं. परत आणून देणं म्हणजे आजार घरपोच करणं. गल्लीतलं शेंबडं पोरही हे जाणतं. शाओहे मात्र दूरच्या शहरातून नवी आलेली. सासरच्या माळ्यावर सापडलेलं, कधीकाळी उसनं नेलेलं रुइफांगचं जुनं मडकं तिने घासूनपुसून, आत सहा अंडी ठेवून, हसत आणून दिलं. दोन महिन्यांत देशानचं पोट फुगलं. तेव्हापासून पोर दाराशी येऊन उभी राही आणि रुइफांग दार लोटून घेई. रोजची पहाटेची उदबत्ती, प्रतिपदा-पौर्णिमेचं निरामिष जेवण, सगळे नेम चालू होते. त्या पोरीसाठी मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"रुइफांग," आतून हाक आली. "इकडे ये जरा."

"काढा शेगडीवर आहे. तिथूनच बोला."

"मडकं यायच्या वर्षभर आधीपासून दुखत होतं मला."

तिची नजर मडक्यावरच राहिली. "काय म्हणालात?"

"ऐकलंस ते."

"वर्षभर? आणि मला बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर वर्षभर हे कडूजहर पाजलं असतंस." तो हसायला गेला आणि खोकल्याने वाकला. मग हळूच म्हणाला, "भ्यालो गं. मडकं आलं, सगळे त्या पोरीवर तुटून पडले. मला बरं वाटलं. मला कोणी काही विचारलं नाही ना."

रुइफांगला आठवलं. त्या वर्षी तो रोज अर्धा वाडगा भात टाकायचा. उरलेला ती मुकाट्याने कोंबड्यांना घालायची.

"तिला सांग. सासूच्या देखत सांग. वचन दे."

"सांगेन. सगळं झालं की..."

"मी गेल्यावर शंभर दिवस सुतकात तुला कोणाचा उंबरा चढता येणार आहे का? आत्ता जा."

मडक्याला पहिली उकळी फुटली. तिने जाळ मंद केला. उठून हात पुसले. काहीतरी घेऊन जावं असं वाटलं, पण तिने हात रिकामेच ठेवले.

उंबऱ्याशी ती क्षणभर थांबली. मागे मडक्याचं झाकण खुळखुळत होतं. नजर मागे न वळवता ती गल्ली ओलांडायला निघाली.