गप्प बसायची तालीम

बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये कोरलने चमच्याने कप वाजवला. कोणी लक्ष दिलं नाही. तिने पुन्हा वाजवला, या वेळी कपाचा टवका उडेल इतक्या जोरात, तेव्हा कुठे चहाच्या टेबलाजवळची बडबड थांबली.

"परत एकदा," ती म्हणाली. "जॉइस, तू कोर्टाच्या व्हरांड्यात उभी आहेस. मी पोलीस. मी विचारलं, बाई, तुम्ही नायरीला कशा ओळखता?"

जॉइस उठली, स्कर्ट सारखा केला. "नायरी आमच्या खोऱ्यातली शाळेची बस चालवते. माझी मुलं तिच्याच बसने शाळेत गेली, आता नातवंडं जातात. कधी कोणाला खरचटलंसुद्धा नाही."

"छान. बस खाली."

"आणि तिच्या मलमाने माझे गुडघे…"

"जॉइस."

"अगं, गुडघे म्हटलं. गांजा कुठे म्हटलं?"

कोरलने डोळे मिटून घेतले. या बाईला काय म्हणावं? मुळात हे सगळं रामायण जॉइसच्याच गुडघ्यांपासून सुरू झालं होतं. भाचीच्या लग्नात ती दोन तास नाचली आणि त्या आनंदात तिने खोऱ्याच्या फेसबुक पानावर नायरीचे जाहीर आभार मानले. नाव लिहून, फोटो लावून, आणि मलम कशाचं ते सांगून. उचलली जीभ लावली टाळ्याला. नव्याने बदलून आलेल्या पोलिसाने ते वाचलं. जुना असता तर त्याने वाचून सोडून दिलं असतं, कारण त्याची आईच नायरीकडून तेल न्यायची. नवा आला तो थेट नायरीच्या घरी. पाण्याच्या टाकीमागची रोपं त्याने उपटून नेली, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर मिसेस हॉलिसच्या नावाची चिठ्ठी लावलेली एक बरणी होती, तीही नेली. मिसेस हॉलिस पुढे महिनाभरात कॅन्सरने गेल्या.

आजाऱ्यांना गांजाचं तेल, मलम करून देणाऱ्या अशा बायकांना या देशात लोक हिरवी परी म्हणतात. नायरी सहा फुटी, गमबूट घालणारी, हातात पाना असला तर अधिकच खुलणारी बाई. परी म्हटलं की ती म्हणायची, "परीला बसचं टायर बदलता येतं का ते विचारा आधी." तेल करून देताना तिने कोणाकडून काही घेतलं नाही. फार तर अंडी, नाही तर मासळी.

वकील लोसा शहरातून येऊन सगळं समजावून गेली होती. लोसा सामोअन, म्हणजे सामोआ बेटांकडची, वयाने लहान, पण बोलली की एकेक शब्द ठामपणे पटवून देणारी. "गुन्हा कबूल करायचा. पण दोषी अशी नोंद करू नका, असं जजला विनवायचं. नोंद झाली की शाळेच्या बसचा परवाना गेलाच म्हणून समजा. गुन्हा लहान आणि नुकसान मोठं हे जजला पटलं तर ती सोडून देईल. आत्ता पोलिसांकडे एकच नाव आहे आणि ती बाई हयात नाही. तेवढंच राहू द्या. तुमच्यापैकी प्रत्येक जण आभार मानायला उठला, तर प्रत्येक आभारागणिक गुन्हा वाढेल. म्हणून मोठ्या संख्येने या, चांगले कपडे घाला, आणि गप्प बसा."

गप्प बसा. या खोऱ्याला. इथे कोणी मेलं तर तीन दिवस भाषणं चालतात आणि मेलेल्यालाच उठून दोन शब्द बोलता येत नाहीत याची लोकांना हळहळ वाटते. पाठिंबा समितीची चिटणीस म्हणून कोरलची निवड झाली त्याच दिवशी कोणीतरी घरची पलंगाची चादर आणली होती. त्यावर हिरव्या रंगात लिहिलं होतं, 'आमची औषधवाली सोडा'. कोरलने ती घडी घालून परत दिली. तीच चादर दुसऱ्या आठवड्यात क्लबच्या कुंपणावर लटकत होती. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत.

कोर्टापुढे बोलायला एकच माणूस न्यायचा होता. तो कोरलने स्वतः निवडला. लिंडसे क्रोझियर. चर्चचा वडीलधारा, मेंढ्यांचा मालक, आयुष्यात बिअरच्या पुढे न गेलेला.

"तुम्हाला तेलाबद्दल काही ठाऊक नाही ना?" तिने त्याला विचारून घेतलं.

"काही नाही," लिंडसे म्हणाला. "आणि ठाऊक होऊ नये म्हणून मी फार कष्ट घेतलेत, कोरल. माझ्या बायकोची संधिवाताची बोटं गेल्या हिवाळ्यात अचानक विणकाम करायला लागली, तेव्हा मी चर्चकडे बघत बसलो होतो."

कोरल घरी आली तेव्हा अल्फ खिडकीशी आरामखुर्चीत बसला होता. तिचा नवरा. कॅन्सर त्याच्या पाठीच्या मणक्यांत उतरला होता. हॉस्पिटलच्या गोळ्यांनी दुखणं थांबायचं, पण मग अल्फही थांबायचा. ओंडक्यासारखा पडून राहायचा. एकदा तर त्याने कोरललाच विचारलं, बाई, तुम्ही कोण. नायरीच्या तेलाचा तांदळाच्या दाण्याएवढा थेंब जिभेखाली ठेवला की तो जेवायचा, झोपायचा, आणि सकाळी रेडिओवरच्या रग्बीवाल्यांना शिव्या द्यायचा. अलीकडे डॉक्टरच्या कागदावर औषधाच्या दुकानातही तशी बाटली मिळू लागली होती. पण दोघांची पेन्शन मिळूनसुद्धा ती परवडत नव्हती. घरातली बरणी तळाला आली होती. खोऱ्यातल्या सगळ्यांच्याच बरण्या तळाला आल्या होत्या, आणि सगळ्यांचा हिशेब एकच होता. खटला एकदाचा उरकू दे, वसंत येतोय, नायरी पुन्हा पेरेल.

"मी बोलतो कोर्टात," अल्फ म्हणाला. "उभा राहून सांगतो, की मी…"

"तुला काठीशिवाय उभं राहता येत नाही. सांगणार काय?"

"काठी घेऊन सांगतो."

"अल्फ, तू तोंड उघडलंस तर तिची बस जाईल. तुझ्यासाठी तिने बस घालवायची का?"

अल्फ ब्रेडवर जॅम लावत बसला. नवऱ्यालाही कुलूप घालावं लागतं, या विचाराने कोरलला स्वतःचाच वैताग आला.

सुनावणीच्या दिवशी सगळे कोर्टात गेले ते शाळेच्या बसने, आणि बस चालवत होती नायरी. दुसरं कोण चालवणार? सकाळी तिने मुलांना शाळेत सोडलं आणि मग वळून म्हाताऱ्यांना उचललं. दुपारी शाळा सुटायच्या आत परत यायचं होतं. नायरीने इस्त्रीचा निळा पोशाख घातला होता आणि त्यात ती उसन्या कपड्यांत असल्यासारखी दिसत होती. समितीतल्या म्हाताऱ्या काहूआंटीने निघताना प्रार्थना म्हटली. प्रार्थनेत तिने देवाला तेलाबद्दल सांगायला सुरुवात केली, तेव्हा कोरल पुढच्या सीटवरून म्हणाली, "आंटी, त्याला माहीत आहे सगळं."

कोर्टात मात्र कमाल झाली. सगळे ओळीने बसले. जॉइसने हात मांडीवर ठेवले. कोणी खोकलंसुद्धा नाही. लिंडसे उठला आणि बोलला तो असा, की कोरलला मनातून त्याचे पाय धरावेसे वाटले. पुराच्या वेळी नायरी मुलांना घेऊन रात्रभर टेकडीवर कशी थांबली, ते त्याने सांगितलं. ज्या मुलाच्या डब्यात काही नसतं त्याच्यासाठी ती ड्रायव्हरच्या सीटखाली ब्रेड ठेवते, हेही सांगितलं. ती नसेल तर आमची शाळा भरणार कशी, असं विचारून तो खाली बसला. सरकारी बाजूचा सार्जंटही फारसा अडून बसला नाही.

जज मध्यम वयाच्या बाई होत्या. चष्मा काढून त्यांनी नायरीकडे पाहिलं आणि मग तिच्या मागे बसलेल्या सगळ्यांकडे.

"मला एक गोष्ट समजून घ्यायची आहे," त्या म्हणाल्या. "मिसेस हॉलिस वारल्या. त्यांच्याखेरीज या औषधावर विसंबलेलं आणखी कोणी आहे का? कोणाला पकडण्यासाठी मी विचारत नाही. आजारी माणसं असतील तर मला आज निकाल देता येणार नाही. त्यांची कायदेशीर सोय काय लागेल, याची माहिती मागवावी लागेल, आणि आरोपीकडून मी काय वचन घ्यायचं तेही वेगळं ठरेल."

लोसाने मागे वळून पाहिलं नाही. तिची मान मात्र ताठ झाली. हे तालमीत नव्हतं.

खोलीत कोणी हललं नाही. जॉइसचे ओठ घट्ट मिटलेले. लिंडसे छताकडे बघत होता. आयुष्यात न विचारता बोललेली माणसं, आणि आज विचारलं तर एकाच्याही तोंडून आवाज नाही. शेजारी काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. अल्फ उठायला पुढे झुकला होता, एक हात समोरच्या बाकावर. कोरलने त्याची बाही धरली आणि त्याला खाली बसवलं. जोर लावावा लागला नाही. त्याच्या अंगात जोर होता कुठे?

"बरं," जज म्हणाल्या. "तर मग यापुढे रोपं लावणार नाही आणि कोणाला देणार नाही, असं वचन मला द्याल?"

नायरीने आरोपीच्या कठड्याच्या काचेकडे पाहिलं. मग म्हणाली, "देते."

दोषी अशी नोंद झाली नाही. परवाना राहिला.

बाहेर आल्यावर लोक जे सुटले, ते विचारू नका. काहूआंटीने फुटपाथवरच गाणं म्हटलं. जॉइस रडली. लोसाने कोरलचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही हे कसं जमवलंत? मला वाटलं होतं, निदान एक जण तरी उठेल." कोरलला इतका अभिमान कित्येक वर्षांत वाटला नव्हता. बसमध्ये सॉसेज रोलचा डबा फिरला, थर्मास उघडले, घाटाच्या चढापर्यंत गाणी चालली.

मग जॉइस ड्रायव्हरच्या सीटमागे जाऊन उभी राहिली. आता काय, खटला संपला, आता बोलायला हरकत नव्हती. "मग नायरी, रोपं कधी टाकतेस?"

"कसली?"

"कसली काय. तीच."

"ते संपलं," नायरी म्हणाली. "जजला वचन दिलं मी."

बसमध्ये हशा पिकला. "कोर्टात द्यावंच लागतं गं ते," मागून कोणीतरी म्हणालं. नायरी हसली नाही. तिने गिअर बदलला. हशा मागच्या सीटपासून एकेक करत विझत गेला, कारण या बाईला सगळे ओळखत होते. टोमॅटो देते म्हणाली तर ती पावसातून टोमॅटो घेऊन येणार, आणि नाही म्हणाली तर नाही.

"पण आमचं काय?" जॉइस म्हणाली.

"जजने विचारलं होतं की. मला नाही, तुम्हाला. मी वाट बघत होते."

"लोसानेच सांगितलं होतं गप्प बसा म्हणून," कोरल उसळली. "मी महिनाभर घसा फोडला, या सगळ्यांना गप्प करायला. आता ते आमच्याच डोक्यावर का?"

"डोक्यावर नाही ठेवत, कोरल. बरंच झालं. बस राहिली."

त्यानंतर कोणी गायलं नाही. शाळेपाशी मुलं चढली. म्हाताऱ्यांना सरकवून, मांडीवर दप्तरं ठेवून, कोण जिंकलं विचारत. जिंकलो, लिंडसे त्यांना म्हणाला. जिंकलो आपण.

कोरलच्या फाटकाशी बस थांबली. अल्फ एकेक पायरी उतरला. कोरल मात्र दारातच राहिली, मागे मुलांचा गोंधळ चालू होता म्हणून. "फक्त अल्फपुरतं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बाकीच्यांचं जाऊ दे. एक रोप, नायरी. एकच. मी माझ्या परसात ठेवते. तू फक्त येऊन कसं वाढवायचं ते सांग."

नायरीचे हात स्टिअरिंगवर होते. "तो उठत होता," ती म्हणाली. "कठड्याच्या काचेत दिसत होतं मला. तो उठला असता तर मी वचन दिलं नसतं. तू बसवलंस त्याला."

"तुझ्या परवान्यासाठी बसवलं."

"माहीत आहे. म्हणून तर ही बस चालवतेय ना."

कोरलला राग आला. जजचा, लोसाचा, या ताडमाड हट्टी बाईचा, आणि एरवी कधीच सांगितलेलं न ऐकणाऱ्या आणि नेमकं आजच ऐकणाऱ्या त्या सगळ्यांचा. मागून एक मुलगी ओरडली, नायरी, चल ना, भूक लागलीय. कोरल खाली उतरली.

दार बंद होऊन बस निघून गेली. अल्फ फाटकाला धरून उभा होता, श्वास लागलेला.

"चल," कोरल म्हणाली. "धर मला."

"जरा थांब," अल्फ म्हणाला. "आज फार दुखतंय गं."