लाल रेषेच्या वरची जागा

मी एक काचेची टाकी आहे. मासे माझ्यात नसतात. ते माझ्या डोक्यावरच्या मोठ्या टाकीत मिरवतात. मी खाली लाकडी कपाटात बसते. वरचं पाणी नळीतून माझ्यात उतरतं, माझ्या स्पंजातून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. मित्रांनो, वरचीचं कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत, पण माझी तक्रार ती नाही.

१९९३ साली गंगाराम मिस्त्रींनी मला कतारगामच्या एका हिऱ्यांच्या कारखान्यासाठी बनवलं. पंप चालू असताना माझ्यात पाणी कुठवर असावं, तिथे त्यांनी तेलरंगाने लाल रेष ओढली. लाइट गेली की पंप थांबतो आणि वरचं चार बोटं पाणी खाली येतं. ते सामावायला रेषेच्या वरची जागा रिकामीच लागते. मिस्त्रींनी हे शेठ हितेशभाईंना दोनदा समजावलं. शेठ भिंगातून हिरा पाहत होते, नुसतं हा हा म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

तीन वर्षांनी झाडलोटीला सुंदराबाई आल्या. मूळच्या पारोळ्याकडच्या, राहायला नवागामला. गावी मैलभरावरून पाणी वाहिलेलं आणि नवागामात नळ जेमतेम तासभर, त्यामुळे घरातला तांब्यासुद्धा त्या रिकामा ठेवत नसत. माझी लाल रेष त्यांना दसऱ्याच्या पूजेचं कुंकू वाटली. काच पुसताना त्या तेवढी जागा सोडून पुसायच्या. इतक्या मायेने मला कुणीच हात लावला नव्हता. माझं अर्धं पोट मात्र त्यांना बघवत नसे.

एका दुपारी कारागीर डबे उघडून बसले असताना त्यांनी तीन बादल्या ओतून मला काठोकाठ भरलं. "पानीनं भांडं अर्धं ठेवनं बरं नही वं माय," असं मला म्हणाल्याही. मी आतल्या आत तडफडले.

घटकाभरात लाइट गेली. वरून पाणी येऊ लागलं. मी कुठे ठेवणार ते? माझ्या चारही काठांवरून ते फरशीवर सांडलं आणि पंपाच्या विजेच्या बोर्डाखाली शिरलं. बोर्ड माझ्या शेजारी जमिनीवरच पडलेला. सुंदराबाई घाबरल्या, पण शेठच्या रागाला. गुडघे टेकून, अनवाणी, त्या ओल्यात फडकं फिरवत राहिल्या. बाई, बाहेर हो, लाइट कधीही येईल, असं मी किती वेळा मनात म्हटलं असेन. त्यांनी खालचं पुसायला बोर्ड हातात उचलला आणि लाइट आली.

घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसणारा कारागीर भटू धावत आला आणि त्याने मेन स्विच पाडला, म्हणून त्या वाचल्या.

चार दिवसांनी त्या हाताला पट्टी बांधून आल्या. मिस्त्रीही आले होते. रेष दिसली नव्हती का, असं त्यांनी विचारलं.

"माले कोनी सांगं नही, भाऊ," सुंदराबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी शेठकडे पाहिलं. शेठ माशांकडे बघत राहिले. सुंदराबाईंच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत, त्यांना पोतेरंही पिळता येत नाही, म्हणून काम सुटलं. मिस्त्रींनी रेष नव्याने ओढली आणि बोर्ड भिंतीवर लावायला सांगितलं. उद्या लावू, असं शेठ म्हणाले. त्या उद्याला चार महिने झाले.

मधल्या काळात माझं पाणी भटू बघायचा. तो परवा लग्नाला गावी गेला. आज उज्ज्वला नावाची नवी बाई आली आहे, शिरपूरकडची. आल्याआल्या तिने मला पुसलं, मग दारात जाऊन शेठना विचारलं, "शेठ, खालची टाकी अर्धीच हाय. भरू का?"

शेठ फोनवर होते. त्यांनी होकाराची मान हलवली.

मित्रांनो, तिने विचारलं होतं, एवढं लक्षात ठेवा. आता पहिली बादली माझ्यात रिकामी झाली आहे आणि ती दुसरी भरायला गेली आहे. इथे रोज दुपारी लाइट जाते. रेष ओढून, मान हलवून माणूस वाचत नाही. ज्याच्या हातात बादली आहे त्याला तोंडाने सांगावं लागतं. मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणी जवळ असेल तर लवकर या आणि तिला सांगा.